मदत हवी आहे: आमच्या गेमला कॉपी प्रोटेक्शन लावावं का?

मंडळी, मी आणि माझा मावसभाऊ नोकरी सांभाळून अडीच वर्षं एक छोटा पीसी गेम बनवतोय. दिवाळीच्या सुमारास स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) आणायचाय. घोडं अडलंय कॉपी प्रोटेक्शनवर, म्हणजे फुकट प्रती काढता येऊ नयेत म्हणून लावायच्या कुलपावर. भाऊ म्हणतो, कुलूप हवंच. मला पटत नाही.

२००८ च्या 'स्पोर' या गेमला सिक्युरॉम नावाचं कुलूप होतं, सुरुवातीला फक्त ३ अ‍ॅक्टिव्हेशन (म्हणजे तीनच संगणकांवर चालू करता यायचा). तरी बाजारात यायच्या आधीच त्याचं कुलूप फुटलं, आणि चिडले ते पैसे मोजणारेच. अ‍ॅमेझॉनवर एकेका ताऱ्याच्या शेऱ्यांचा पाऊस पडला. उलट 'द विचर ३' २०१५ मध्ये जीओजी या ऑनलाइन दुकानात पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा होता, आणि कोट्यवधी प्रती खपल्या.

पण भावाच्या बाजूनेही आकडे आहेत. २०२४ मध्ये डेनुवो नावाचं कुलूप लावलेल्या ८६ गेमवर एक अभ्यास आला: पहिल्याच आठवड्यात क्रॅक (कुलूप फोडलेली प्रत) निघाला तर सरासरी २० टक्के उत्पन्न जातं. १२ आठवड्यांनंतर मात्र संरक्षण असलं काय, नसलं काय, जवळपास सारखंच. म्हणजे सगळा खेळ सुरुवातीच्या दिवसांचा. पण आमचा ३९९ रुपयांचा गेम फोडायची तसदी तरी कोण घेणार? (कॉलेजात मीही सीड्या कॉपी केल्यात, त्यामुळे फार बोलायला तोंड नाही.)

स्टीमचं स्वतःचं साधं संरक्षण फुकट आहे, पण ते सहज काढता येतं हे स्टीमच सांगतं. मग लावून उपयोग काय?

इथे कुणी स्वतःचा गेम विकलाय का? क्रॅक निघाल्यावर विक्री खरंच पडली का?