सासू-सासरे, दोन पोरं आणि ॲनिमल किंगडम : एका दिवसात झेपेल का?

उंटावरची_शहाणी
नमस्कार मंडळी. आम्ही अटलांटात असतो, सासू-सासरे नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेत, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात गाडी काढून ओरलँडोला जायचं घाटतंय. पोरं दोन, मोठा ९ चा, धाकटी साडेचार. डिस्नेची चारही पार्कं करायला बजेट पण नाही आणि अंगात तेवढी ताकद पण नाही, म्हणून एकच दिवस, एकच पार्क. नवरा म्हणतो मॅजिक किंगडम, मी म्हणते ॲनिमल किंगडम, कारण आईंना राजकन्या-बिजकन्यांमध्ये काय इंटरेस्ट असणार, प्राणी तरी बघतील. त्यावर बाबांनी (सासरे, बांधकाम खात्यातून रिटायर) काल जेवताना टाकलंच, "एवढे डॉलर मोजून हत्ती बघायचा? राणीच्या बागेत नेलं होतं की सगळ्यांना." झालं, तेव्हापासून नवरा मिशीत हसतोय.

तर शंका अशा की आईंचे गुडघे दुखतात, अर्धा तास चाललं की टेकायला लागतं, धाकटी ४० इंच आहे तिला काय काय करता येईल, आई अंडंसुद्धा खात नाहीत तर खायचं काय, आणि जूनच्या उन्हात हे सगळं करणं हा शुद्ध वेडेपणा आहे का? जाऊन आलेल्यांनीच सांगा प्लीज, यूट्यूब बघून डोकं फिरलंय.

खारी_बिस्कीट
आम्ही टॅम्पात राहतो, दर पाहुण्याला तिथे नेतो त्यामुळे आता डोळे मिटून फिरू शकते. ॲनिमल किंगडमच करा. राणीच्या बागेशी तुलना करूच नका कारण तिथे तुम्ही पिंजऱ्यापुढून चालत जाता, इथे तुम्ही ट्रकमध्ये बसलेले आणि प्राणी मोकळे. किलिमांजारो सफारी म्हणून आहे, साधारण ११० एकरात, वीसेक मिनिटं उघड्या ट्रकमधून फिरवतात, जिराफ, गेंडे, हत्ती, पाणघोडे, सिंह. अडथळे आहेत पण खंदक-पाणी असे लपवलेले की दिसतच नाहीत. कधी कधी जिराफ रस्त्यात येऊन उभा राहतो आणि मग ट्रक पण उभा. हक्क त्याचा!

सकाळी पार्क बहुतेक वेळा ८ ला उघडतं, तुम्ही पावणेआठला गेटवर पाहिजे. सगळी जनता पँडोराकडे ('अवतार' सिनेमावरचा भाग) पळत सुटते, तुम्ही सरळ सफारीला जा, ऊन चढायच्या आत प्राणी हालचाल करत असतात, दुपारी सिंह म्हणजे नुसतं खडकावर टाकलेलं पोतं. आईंना मागच्या रांगेत बसवू नका, तिथे धक्के जास्त बसतात. गेटच्या आत गेल्या गेल्या व्हीलचेअर भाड्याने मिळते ती घ्याच. आपल्याकडच्या बायका "मला काय झालंय" म्हणून नको म्हणतात आणि दोन वाजता बाकावर बसून राहतात ती उठायचं नाव नाही. पार्क अवाढव्य आहे हो, डिस्नेच्या सगळ्या पार्कांत हेच आकाराने मोठं.

धाकटीला ४० इंचावर सफारी, पँडोरातली बोट (त्याला उंचीची अट नाही), काली रिव्हर रॅपिड्स (३८ इंच) हे सगळं चालेल. एव्हरेस्ट (रोलरकोस्टर) आणि पँडोरातलीच फ्लाइट ऑफ पॅसेज राइड, दोन्हीला ४४ इंच लागतात, तिथे ती नाही. पण तुम्ही दोघं मोठ्याला घेऊन आळीपाळीने जाऊ शकता, रायडर स्विच म्हणतात, एकजण धाकटीपाशी थांबतो, पहिला परत आला की दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. मोठ्याला तर दोनदा बसायला मिळतं, त्याची चैन. आणि मोठा ९ चा आहे ना, मग याच वर्षी उरका, १० पासून मोठ्यांचं तिकीट लागतं :)

खाणं घरून न्या, चालतं, फक्त काचेची बाटली आणि दारू नको. दशम्या, चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, काय ते. विकतचं हवं तर सातुली कँटीनमध्ये टोफूचा बाऊल मिळतो, आईंना रबर वाटेल, तुम्हाला आवडेल. गार पाणी खाण्याच्या काउंटरवर फुकट मागता येतं, चार डॉलरच्या बाटल्या घेऊ नका.

टकमकटोक
माझं मत मागितलं नाहीये तरी देतो. प्राण्यांना असं ठेवून त्यावर तिकीट लावायचं मला पटत नाही, एकर कितीही असोत. आम्ही मुलांना ताडोबाला नेलं, तीन सफारीत वाघ दिसला नाही, दिसला तो शेवटच्या सफारीत, तोही पाठमोरा. पण ते खरं होतं.

गोदाकाठ
@टकमकटोक, ताडोबा ते ताडोबा, वादच नाही. पण साडेचार वर्षांच्या पोरीला आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला घेऊन चार वेळा पहाटे जिप्सीत बसा म्हणजे कळेल.

आणि सगळंच तिकिटासाठी नसतं. युगांडात गेंडे शिकारीमुळे १९८० च्या दशकात पार संपले होते. मग तिथे झिवा म्हणून अभयारण्यात पुन्हा वाढवायचं ठरलं तेव्हा २००६ साली या ॲनिमल किंगडममधून पांढऱ्या गेंड्यांच्या दोन माद्या तिकडे पाठवल्या. त्यातल्या नांदे नावाच्या मादीला २००९ मध्ये पिल्लू झालं, बाप केनियाचा आणि आई अमेरिकेची म्हणून पिल्लाचं नाव ठेवलं ओबामा. प्राणिसंग्रहालयातला प्राणी परत आफ्रिकेत पाठवणं ही उलटी गंगा आहे राव. बाकी आत्ता जे सिंह तिथे आहेत ते सुखी आहेत की नाही हे मलाही सांगता येणार नाही, त्यामुळे तुमचा मुद्दा पूर्ण खोडत नाहीये.

शहाणीताई, बाबा इंजिनिअर आहेत तर त्यांना झाड दाखवा. मधोमध जे ट्री ऑफ लाइफ आहे ते १४५ फूट उंच आहे आणि आतला सांगाडा समुद्रातल्या तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मसारखा आहे. खोडावर तीनशेच्या वर प्राणी कोरलेत. लांबून नुसतं झाड, जवळ गेलं की सालीतून हत्ती निघतो, गरुड निघतो. एक लाखाच्या वर पानं, सगळी बसवलेली. बाबा तिथेच अर्धा तास उभे राहतील, सावलीची जागा बघून ठेवा.

अर्धा_कटिंग
पावसाचं कोणी बोललं नाही! जून म्हणजे फ्लोरिडात दुपारी तीन-चारला हमखास वीज-पाऊस, आणि वीज आली की बाहेरच्या राइड्स बंद करतात. रेनकोट घरून न्या, डॉलर स्टोअरमधले चालतात. आणि काली रॅपिड्सला बसणार असाल तर खरंच भिजता, तुषार वगैरे नाही, बादली. मी शहाणपणा करून पाठीवरची सॅक तशीच पायाशी ठेवली, आत भाकरवडीचं पाकीट होतं, उघडलेलं. वरून उतरल्यावर त्याची भाजी झाली होती. मित्राने ती पण खाल्ली, तो नगरचा आहे.

डायनोसॉरवाल्या भागाचे जुने व्हिडिओ बघून पोरांना काही कबूल करू नका, तिकडे तोडफोड करून नवीन बांधतायत, २०२७ ला उघडायचा बेत आहे. आणि एव्हरेस्टवर बसलात तर एक गंमत, समोर जो भलामोठा डोंगर दिसतो, ज्यात गाडी जाते आणि मग उलटी येते, तो एव्हरेस्ट नाहीच. एव्हरेस्ट त्याच्या बाजूला मागे छोटासा दिसतो. लांब आहे म्हणून छोटा, असा हिशेब.

उंटावरची_शहाणी
धन्यवाद सगळ्यांना! ठरलं. पुऱ्यांचं पीठ आईंनीच मागून घेतलंय. आल्यावर लिहिते.

उंटावरची_शहाणी
आलो! कपड्यांचे ढीग पडलेत पण आधी इथे लिहिते नाहीतर राहून जाईल.

पावणेआठ काही जमलं नाही, सव्वाआठ झाले, कारण बाबांना हॉटेलातला चहा पटला नाही आणि आईंनी खोलीतल्या कॉफीच्या यंत्रात पाणी गरम करून परत केला. व्हीलचेअरला आई नको नकोच म्हणत होत्या. मग धाकटी म्हणाली आजी तू बस मी तुझ्या मांडीवर बसते, की बसल्या. दिवसभर दोघी राजासारख्या फिरल्या आणि ढकलायला माझा नवरा.

सफारी. जिराफ मिळाला हो रस्त्यात! एवढ्या जवळ की पापण्या दिसत होत्या, मोठा चक्क गप्प झाला, आमच्या घरात हा चमत्कार आहे. पण बाबांचं लक्ष भलतीकडेच. सगळी जनता उजवीकडे गेंडा बघतेय आणि हे ट्रकच्या बाहेर वाकून खाली रस्ता बघतायत. मी म्हटलं बाबा पडाल, काय बघताय. म्हणाले, "हा मातीचा रस्ता नाही. काँक्रीट आहे." मला वाटलं काहीतरीच. उतरल्यावर त्यांनी तिथल्या पोरीला आपल्या इंग्लिशमध्ये विचारलं तर ती म्हणाली बरोबर आहे, मातीच्या रंगाचं काँक्रीट आहे, ओलं असताना त्यावर टायर फिरवून, दगड-काटक्या दाबून ठसे उठवलेत, खड्डे पण बनवलेले आहेत. बनवलेले! बाबा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तेहेतीस वर्षं खड्डे बुजवले मी. इथे पगार देऊन पाडतात." त्यानंतर दिवसभर त्यांना दुसरं काही सुचेना, हरांबे गावात (आफ्रिकेच्या भागात उभं केलेलं गाव) भिंतीचा पोपडा उडालेला दिसला की हात लावून बघायचे, हा पण खोटा का म्हणून. खोटाच होता. झाडापाशी @गोदाकाठ म्हणाले तसंच, अर्धा तास, सांधे कुठे दिले असतील ते शोधत.

आईंचं वेगळंच. लायन किंगचा खेळ एसीत बसून बघायचा असतो म्हणून त्यांच्यासाठी ठेवला होता. तिथे प्रेक्षकांचे चार भाग करतात, सिंह, हत्ती, जिराफ आणि रानडुक्कर, आणि प्रत्येक भागाने आपल्या प्राण्याचा आवाज काढायचा. आम्ही आलो डुकरांत. आई आधी जरा हिरमुसल्या, "मेलं डुकरातच बसायचं होतं का," पण आवाज काढायची वेळ आली तेव्हा बाकी लोक आपले हळूच खुर्र करतायत आणि आईंनी असा काही आवाज काढला की पुढच्या रांगेतली गोरी आजी वळून बघायला लागली. मी गार. मला म्हणतात कशा, "माहेरी उसात डुकरं शिरायची, रात्र रात्र माळ्यावर बसून ऐकलेत मी ते आवाज." लग्नाला बारा वर्षं झाली माझ्या, हे कधी कळलं नव्हतं.

मग आशियाच्या भागात गेलो, आनंदपूर नाव आहे त्या गावाचं, रंगवलेल्या पाट्या, लोंबकळणाऱ्या वायरी, जुन्या सायकली, घंटा, पताका. आईंनी घंटा वाजवली आणि सवयीने हात जोडले. महाराजा जंगल ट्रेकला मोडक्या राजवाड्यातून वाघ दिसतो, सुमात्राचा, आम्हाला मस्त फेऱ्या मारताना मिळाला. त्याच्या आधी वटवाघळांची जागा आहे, पाचेक फूट पंखांची मोठी वटवाघळं, आणि काही खिडक्यांना काच पण नाही जाळी पण नाही, समोर उलटी लटकून कलिंगड खातायत. अमेरिकन मंडळी ई ऊ करत दारातून परत फिरत होती. बाबा म्हणाले आमच्या शाळेसमोरच्या वडावर दोनशे असायची, आणि खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकून पोरांना सांगत बसले की ती पाणी कशी पितात, उडता उडता पोट पाण्याला लावून भिजवतात आणि मग ते केस चाटतात. तिथला कर्मचारी पण ऐकत होता, मग मला त्याचं भाषांतर करायला लागलं. त्याने मान डोलावली, म्हणजे खरं असावं.

काली रॅपिड्स केलं, @अर्धा_कटिंग सॅक वर ठेवली होती, पुऱ्या वाचल्या, मी नाही वाचले. पाऊस बरोब्बर साडेतीनला. एव्हरेस्ट तेव्हा बंद झालं आणि मोठ्याने तोंड पाडलं, पण पाऊस थांबल्यावर तासाभराने सुरू झालं, पहिल्यांदा माझ्या नवऱ्याबरोबर आणि मग माझ्याबरोबर असं दोनदा बसला. मी डोळे मिटूनच होते त्यामुळे खरा एव्हरेस्ट कुठला ते बघायचं राहिलं. फ्लाइट ऑफ पॅसेज सोडून दिलं, दोन तासाची रांग होती आणि ती टाळायला वर वेगळे पैसे भरायचे तर नको वाटलं. त्याऐवजी पोरांनी वाइल्डरनेस एक्स्प्लोररचं पुस्तक घेऊन (फुकट आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं!) ठिकठिकाणी प्रश्नांची उत्तरं देत स्टिकर गोळा केले, धाकटीचे नऊ झाले, त्यातले तीन आता व्हीलचेअरबरोबर परत गेलेत.

@टकमकटोक, तुमचं पण डोक्यात होतं खरं. वाघ फेऱ्या मारत होता तेव्हा मोठ्याने विचारलं की हा सारखा इथूनच का फिरतो. मला नीट उत्तर देता आलं नाही.

टकमकटोक
पोरगं हुशार आहे. ताडोबाला आणा त्याला, उन्हाळ्यात. आजोबांनाही, रस्ते खरे मातीचे आहेत.

खारी_बिस्कीट
आईंना माझा नमस्कार सांगा, पुढच्या पाहुण्यांना मी डुकरांतच बसवणार. बाबांचं काय म्हणणं शेवटी, डॉलर वसूल का?

उंटावरची_शहाणी
वसूल म्हणाले नाहीत, ते कधीच म्हणत नाहीत. पण त्या रस्त्याचे अकरा फोटो काढलेत, जिराफाचा एक. कालच ते रिटायर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, तर खाली पहिलाच प्रश्न आलाय, "टेंडर कोणाचं होतं?"