शब्दचर्चा: 'तांब्याचा ताण' म्हणजे कमी पडलं की जास्त झालं?

चिकोडीकर: लेखाचा मथळा असा केलाय, 'लेशमूलद्रव्यांच्या ताणाला गांडुळांचा जनुकीय प्रतिसाद'. वाचणारे अथणीकडचे द्राक्षवाले. 'लेश' ठेवू की 'सूक्ष्म' करू?

खडेमाती: लेशच ठेवा. 'सूक्ष्म' म्हटलं की दुकानातली सूक्ष्म अन्नद्रव्यं आठवतात. कन्नड पाकिटावर तेच 'लघु पोषकांश'. त्यात जस्त, तांबं बसतं. कॅडमियम, शिसं बसत नाही. 'लेश' नुसतं प्रमाण सांगतो, म्हणजे अगदी थोडं असलेलं मूलद्रव्य. खरी अडचण 'ताण'ची आहे बघा. बागेला ताण देणं म्हणजे पाणी तोडणं. 'तांब्याचा ताण' वाचून माणूस म्हणणार, तांबं कमी पडलंय, मारा अजून!

चिकोडीकर: आणि आपल्याला सांगायचंय नेमकं उलटं.

खडेमाती: मग जास्त असेल तिथं 'भार', कमी तिथं 'तुटवडा'. आकडा पण द्या. एक टक्का बोर्डोला, म्हणजे बुरशीवरच्या फवाऱ्याला, १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा. एकरी ४०० लिटर मारलं की एका फवारणीत किलोभर तांबं. ते पाण्याबरोबर फारसं खाली जात नाही, सेंद्रिय पदार्थाला धरून वरच्या थरात बसतं. गांडुळाचा वावर तिथंच.

काचनळी: 'जनुकीय प्रतिसाद' पण घात करतो ओ. लोक वाचतात, 'जनुकं बदलली'. गांडूळ तेच असतं, जनुकही तेच. फक्त त्याचं काम वाढतं. मेटॅलोथायोनिन हे त्यातलं ओळखीचं प्रथिन. त्यात सिस्टीन हे गंधकवालं अमिनो आम्ल खच्चून भरलेलं, ते धातूला धरून ठेवतं. सस्तन प्राण्यांत साठेक अमिनो आम्लांत २० सिस्टीन, एक रेणू जस्ताचे किंवा कॅडमियमचे ७ अणू पकडतो. गांडुळात हे जनुक कॅडमियमनं जोरात चालू होतं. त्याला 'जनुक-अभिव्यक्ती वाढली' म्हणा, शेतकऱ्यासाठी 'जनुक चालू झालं'.

चिकोडीकर: पिढ्यान्‌पिढ्या भार सोसला तर?

काचनळी: मग शब्द 'अनुकूलन'. ऑर्केसेला सिंक्टा नावाचा मातीतला स्प्रिंगटेल, म्हणजे उडी मारणारा बारीक बिनपंखी जीव घ्या. धातूंनी दूषित जागेतल्या समूहात हे जनुक जास्त जोरात चालतं, आणि तो गुण स्वच्छ जागी वाढवलेल्या पिल्लांतही उतरतो. एका जीवाच्या हयातीत होतं ते 'सरावणं'. दोन्हीला 'जुळवून घेणं' लिहिलंत तर गोंधळच.

खडेमाती: जनुकाचा जोर कसा मोजतात, ते पण लिहा की.

काचनळी: गांडूळ मातीतून काढलं की तसंच वाटून बारीक करायचं नाही. ओल्या गाळणकागदावर २४ तास ठेवून पोट रिकामं करायचं. नाहीतर पोटातल्या मातीतलं तांबं गांडुळाच्या खात्यात जमा होतं, आणि मातीतली ह्यूमिक आम्लं (कुजलेल्या पदार्थातली) पीसीआर, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून मोजायची चाचणी, अडवतात. मग लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये, कारण चालू जनुकाची नक्कल, म्हणजे आरएनए, पटकन तुटतं. ज्याच्याशी ताडून बघायचं ते तुलनेचं, स्थिर जनुकही तपासून घ्यायचं. तेच धातूनं हललं तर सगळा हिशोब चुकला.

चिकोडीकर: मथळा बदलला. 'तांब्याचा भार आणि गांडुळांची चालू होणारी जनुकं'. कन्नड आवृत्तीत गांडुळाला 'एरेहुळु' असेल.

खडेमाती: 'चालू होणारी' नको. ती थोडीफार चालूच असतात. 'जोर धरणारी' करा.