अमेरिकेतील आयआरए निवृत्तिखात्यातून सक्तीने काढायची किमान रक्कम: हिशेब कोणत्या शिल्लकेवर?

टिळकवाडीकर
सर्वांस नमस्कार. माझे थोरले काका न्यू जर्सीतील नोकरीतून निवृत्त होऊन आता बेळगावात कायमचे राहायला आले आहेत. त्यांचा जन्म १९५२ चा, म्हणजे २०२५ मध्ये त्यांना ७३ वर्षे पूर्ण झाली आणि अमेरिकेतील नियमाप्रमाणे निवृत्तिखात्यांतून दरवर्षी किमान रक्कम, म्हणजे आरएमडी, काढणे त्यांना भाग आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्यांच्या दोन ट्रॅडिशनल आयआरए खात्यांत (स्वतः उघडलेली, कर पुढे ढकलणारी निवृत्तिखाती) मिळून २,१२,००० डॉलर आणि जुन्या कंपनीच्या ४०१-के खात्यात (नोकरीतून मिळणारे निवृत्तिखाते) ५३,००० डॉलर होते. काकांनी मात्र ३१ डिसेंबर २०२५ ची शिल्लक घेतली, तिन्ही खात्यांची बेरीज केली आणि तिला २५.५ ने भागून आकडा वहीत लाल शाईने लिहूनही ठेवला. मला ते पटत नाही, पण त्यांच्यापुढे बोलायचे तर आधार हवा. अद्याप एकही डॉलर काढलेला नाही.

खानापूरकर
आपली शंका रास्त आहे. ज्या वर्षाची रक्कम काढायची, त्याच्या आदल्या वर्षअखेरची शिल्लक घ्यायची आणि अमेरिकी करखात्याच्या तक्त्यात त्या वर्षात पूर्ण होणाऱ्या वयासमोर दिलेला भाजक लावायचा, म्हणजे शिल्लक त्याने भागायची. ७३ ला तो २६.५ आहे. म्हणून २०२५ साठी आयआरएचे ८,००० आणि ४०१-केचे २,००० डॉलर होतात. आयआरएचे ८,००० दोहोंपैकी कोणत्याही एका खात्यातून काढता येतात. ४०१-केचे मात्र त्याच खात्यातून काढावे लागतात, त्यामुळे तिन्हींची एकत्र बेरीज चालत नाही. काकांचा २५.५ हा ७४ चा भाजक असून नवी शिल्लकही २०२६ च्याच हिशेबाची आहे; म्हणजे ते एक वर्ष पुढे गेले, इतकेच. पहिल्या वर्षाच्या रकमेला १ एप्रिल २०२६ पर्यंत सवलत आहे, पण २०२६ ची रक्कम ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच काढावी लागेल आणि दोन्ही रकमा एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरल्या जातील.

निपाणीकर
काकूंचे वय विचारून घ्या. त्या एकट्याच वारस असून काकांपेक्षा दहा वर्षांहून अधिक लहान असतील, तर नवरा-बायको दोघांच्या संयुक्त आयुर्मानाचा वेगळा तक्ता लागतो, भाजक वाढतो आणि रक्कम कमी होते. मुदत चुकली तर न काढलेल्या रकमेवर २५ टक्के दंड आहे. दोन वर्षांच्या आत चूक सुधारली तर तो १० टक्क्यांवर येतो. माझ्या सासऱ्यांच्या वेळी खाते सांभाळणाऱ्या कंपनीने पत्र अमेरिकेतील जुन्या पत्त्यावर पाठवले होते आणि सह्या जुळवण्यातच आठवडे गेले. मार्चअखेरची वाट पाहू नका.

टिळकवाडीकर
दोघांचेही आभार. काकू सहाच वर्षांनी लहान आहेत, म्हणून २६.५ च राहील. काकांना हे वाचून दाखवले. त्यांनी लाल आकडा खोडला नाही, त्याच्या डोक्यावर ‘२०२६’ लिहिले, ४०१-केची रक्कम वहीत वेगळी मांडली आणि पत्ता बदलण्याचा अर्ज माझ्याकडून आजच भरून घेतला.