मुलीचं नाव 'मृण्मयी म्हात्रे': अर्थ, स्पेलिंग, दाखला

घोडबंदरकर:
मुलीचं नाव मृण्मयी ठरतंय. 'मृन्मयी' बरोबर की 'मृण्मयी'? इंग्रजी स्पेलिंग कसं करावं? बाळंतपण माहेरी, वाशीला झालं, आम्ही ठाण्यात. जन्मनोंद झालीय, पण नाव अजून घातलेलं नाही. आईचं नाव घालावंच लागतं का?

शब्दवेडा:
मृद् म्हणजे माती. मय लागून 'मातीची घडलेली'. पुढे म आल्याने द् चा न् होतो, म्हणून मृन्मयी. ऋ मागे आहे तर ण का नाही? पाणिनीचं 'पदान्तस्य' हे सूत्र इथे आडवं येतं: पदाच्या शेवटच्या न् चा ण् होत नाही. तरी मराठीत मृण्मयीच रुळलंय आणि त्यात वावगं काही नाही. म्हात्रेचं मूळ 'महत्तर', म्हणजे गावातला वडीलधारा, असं मानतात.

ऐरोली सेक्टर ८:
खरी गोची टायपिंगची. ण् चा पाय मोडायचा राहिला की दाखल्यावर 'मृणमयी' उमटतं. सही करण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी अक्षर अक्षर लावून वाचा. ऋ आपण 'रु' म्हणतो, हिंदीवाले 'रि'. म्हणून एम-आर-यू घ्या, नाहीतर शाळेत पोरगी 'म्रिन्मयी' होईल. शेवटी डबल ई की नुसता आय, हे आत्ताच ठरवा. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं.

नोंदवही:
दाखला नवी मुंबई महापालिकेचा. जन्म जिथे झाला तिथली नोंद. ठाण्यात हेलपाटे घालू नका. जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. जन्म १ मे २०२४ किंवा नंतरचा असेल तर क्रम असा: मुलीचं नाव, आईचं, वडिलांचं, आडनाव.

घोडबंदरकर:
जन्म यंदाचाच. पुढे लग्नानंतर आडनाव बदलावंच लागेल का?

नोंदवही:
मुळीच नाही, तशी कायद्यात सक्ती नाही. बदलायचंच झालं तर आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे एकाच पद्धतीने बदलावं. अर्धं माहेरचं, अर्धं सासरचं राहिलं की केवायसी अडकते.

शब्दवेडा:
आणि दाखल्यावर 'कु.' वगैरे काही लावू देऊ नका. तो नावाचा भाग नाही.