पेनसिल्व्हेनियातील शिकारीच्या कॅम्पवर स्थानिक वाहिन्या कशा मिळवाव्यात?

रानवाटा:
नमस्कार. मी पिट्सबर्गजवळ राहतो. काही सहकाऱ्यांनी पॉटर काउंटीत, काउडर्सपोर्टच्या दक्षिणेला, शिकारीसाठी घेतलेल्या जुन्या लाकडी कॅम्पमध्ये यंदा मीही भागीदार झालो आहे. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि त्या आठवड्यात आम्ही सगळे तेथेच असतो. मोबाइलला रेंज नाही, वीजजोडणीही नाही; दिवे बॅटरीवर चालतात आणि जनरेटर फक्त संध्याकाळी लावला जातो. कॅम्प अरुंद खोऱ्यात असून उत्तरेला आणि पश्चिमेला डोंगराच्या उंच धारा आहेत. बर्फवृष्टीचा स्थानिक अंदाज, संध्याकाळच्या बातम्या आणि रविवारचा फुटबॉल सामना एवढेच हवे आहे. छपरावर आधीपासून असलेल्या अँटेनाच्या खोक्यावर १५० मैलांचा पल्ला छापलेला आहे, पण एकही वाहिनी लागत नाही. अधिक शक्तीचा बूस्टर लावावा की सरळ उपग्रहाची डिश घ्यावी?

तारांगण:
बूस्टर विकत घेण्यापूर्वी नकाशा पाहावा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. टीव्ही केंद्रे असलेल्या शहरांपैकी न्यूयॉर्क राज्यातले एल्मायरा काउडर्सपोर्टहून हवाई अंतराने सुमारे ६५ मैल आहे, तर बफेलो आणि अल्टूना प्रत्येकी सुमारे ९० मैल. पृथ्वीच्या गोलाईमुळे साठ-सत्तर मैलांपलीकडचे प्रक्षेपण सपाट प्रदेशातही भरवशाने मिळत नाही, मग खोऱ्यात तर बोलायलाच नको. त्यामुळे खोक्यावरच्या १५० मैलांना काहीही अर्थ नाही. रॅबिटइअर्स या टीव्ही सिग्नलची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर कॅम्पचे अक्षांश-रेखांश आणि अँटेनाची उंची भरली, की कोणत्या केंद्राचा मनोरा कोणत्या दिशेला आहे आणि मध्ये डोंगर येतो का, हे कळते.

भारतात आपण गच्चीवरचा अँटेना फिरवत असू तेव्हा पडद्यावर मुंग्या दिसायच्या आणि त्या कमी होत गेल्या की दिशा बरोबर आहे हे समजायचे. अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाले. डिजिटलमध्ये चित्र एक तर स्वच्छ येते, नाही तर चौकोन फुटून नाहीसे होते, म्हणून अँटेना अंदाजाने न फिरवता टीव्हीच्या मेन्यूतील सिग्नलचा आकडा पाहत, दर वेळी थोडासाच वळवून, दोन-तीन सेकंद थांबावे लागते.

बूस्टर, म्हणजे प्रीॲम्प्लिफायर, अँटेनापाशी काठीवरच बसवायचा असतो, कारण त्याचे काम मुख्यतः केबलमधली घट भरून काढण्याचे आहे. आरजी-६ या अँटेनाच्या नेहमीच्या केबलच्या शंभर फुटांत यूएचएफवर (टीव्हीच्या वरच्या लहरपट्ट्यात) सुमारे ५ डेसिबलची घट होते, म्हणजे टीव्हीपर्यंत साधारण एक तृतीयांश सिग्नल उरतो. जो सिग्नल अँटेनापर्यंत पोहोचतच नाही, तो मात्र कोणताही बूस्टर निर्माण करू शकत नाही.

म्हणून अँटेना धारेवर न्यावा. केबल टीव्हीच्या आरंभीच्या यंत्रणांपैकी एक याच राज्यात, लॅन्सफर्डमध्ये, १९५० साली उभी राहिली ती याच अडचणीतून: फिलाडेल्फियाचे प्रक्षेपण डोंगराआड जात होते, तेव्हा उंचावर अँटेना लावून तारेने खाली घरोघरी चित्र पोहोचवले गेले. धारेवरची जागा सरकारी जंगलाची असल्यास आधी परवानगी घ्यावी, आणि खांब व केबल दोन्हींना अर्थिंग द्यावे.

उत्तरायण:
डिशबद्दल एक गोष्ट आधीच ठाऊक असावी. उपग्रह कंपन्या स्थानिक वाहिन्या देतात त्या नोंदवलेल्या पत्त्याच्या बाजारक्षेत्रानुसार, आणि पॉटर काउंटी पेनसिल्व्हेनियात असूनही बफेलोच्या क्षेत्रात मोडते. कॅम्पचा पत्ता दिलात तर न्यूयॉर्क राज्यातल्या वाहिन्या दिसतील आणि रविवारी बहुधा पिट्सबर्गच्या स्टीलर्सऐवजी बफेलोच्या बिल्स संघाचा सामना लागेल. शिवाय डिशला दक्षिणेकडचे आकाश मोकळे लागते. तुमच्या धारा उत्तरेला आणि पश्चिमेला आहेत हे सोयीचे, मात्र दक्षिणेला हेमलॉकची झाडे असतील तर ती हिवाळ्यातही हिरवीच राहतात आणि सिग्नल अडवतात.

रानवाटा:
दोघांचेही आभार. नकाशाप्रमाणे एल्मायराचे मनोरे पूर्व-ईशान्येला येतात आणि त्या बाजूचा डोंगर बराच ठेंगणा आहे. तिथवर केबल नेली तर बूस्टरला वीज कोठून द्यायची?

तारांगण:
त्याच केबलमधून. टीव्हीपाशी एक छोटा पॉवर इन्सर्टर बसतो आणि तोच वरपर्यंत वीज पाठवतो. १२ व्होल्टवर चालणारा प्रीॲम्प्लिफायर आणि १२ व्होल्टचाच टीव्ही निवडलात तर जनरेटर न लावताही बातम्या पाहता येतील. प्रीॲम्प्लिफायर आणि इन्सर्टरच्या मध्ये स्प्लिटर, म्हणजे सिग्नल दोन टीव्हींना वाटणारा जोड, असेल तर तो वीज पुढे जाऊ देणारा हवा. २०२० मध्ये वाहिन्यांची फेरमांडणी पूर्ण झाल्यापासून यूएचएफ ३६ व्या वाहिनीवरच संपते, त्यामुळे जुना अँटेना घेऊ नका. त्यांतील बरेच वरच्या, आता बंद झालेल्या वाहिन्यांसाठी जुळवलेले असतात. पडद्यावर ६ आकडा दिसला म्हणून ते केंद्र व्हीएचएफ या खालच्या लहरपट्ट्यातच असेल असेही नाही, त्यामुळे प्रत्यक्ष वाहिनी नकाशावरून ताडून पाहावी. चाचणी नोव्हेंबरात, पाने गळल्यावर केलीत तर मे महिन्यात ओल्या पानांमुळे सिग्नल उतरेल, हेही गृहीत धरा.

उत्तरायण:
हवामानासाठी मात्र टीव्हीवर विसंबू नका. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर राष्ट्रीय हवामान सेवेचे रेडिओ प्रक्षेपण चोवीस तास चालू असते. बॅटरीवरचा साधा वेदर रेडिओ घेऊन आधी धारेवर आणि मग कॅम्पमध्ये लावून पाहा, आणि कॅम्पमध्ये ऐकू आला तर तो तेथेच कायमचा ठेवा.