कोल्हापूर ते परदेश: अंतर किती, वेळ किती? (अनुभव धागा)

मंडळी, पोरं न्यूयॉर्क-लंडनला, आईवडील राजारामपुरीत, असं आता घरोघरी आहे. तिकिटावरचे तास आणि दारापासून दारापर्यंतचे तास यांचा मेळ कसा घालता? हिशेबासकट लिहा.

उजळाईवाडीकर
मुंबईहून लंडन सुमारे ७,२०० किमी, न्यूयॉर्क १२,५००, सॅन फ्रान्सिस्को १३,५००. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजाल तर फसाल. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणा. तो जपानकडे जातच नाही, उत्तरेला ७७ अंशांपर्यंत चढतो आणि पलीकडे उतरतो.

वेळेसाठी किमीला ८५० नं (विमानाचा ताशी वेग) भागा, वर ४० मिनिटं धरा (धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं). लंडनला सव्वानऊ तास येतात. वाट सरळ मिळाली तर. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेच्या फेऱ्यांना वळसा पडला. म्हणून कंपनी बघून वेळ ताडा, नुसतं अंतर बघून नाही.

पंचगंगा_घाट
वाऱ्याचं राहिलं. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो, हिवाळ्यात जास्तच. म्हणून लंडनहून येताना वेळ कमी, जाताना जास्त. विमान तेच, वाट तीच.

गणिताचा_तास
घड्याळांची वजाबाकी थेट करू नका. मुंबई पहाटे २:००, न्यूयॉर्क त्याच दिवशी सकाळी ८:०० असं छापलं असेल, तर प्रवास ६ तासांचा नव्हे. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा, म्हणजे साडेसोळा तास. उन्हाळ्यात फरक साडेनऊ, मग याच वेळांत साडेपंधरा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत लंडनमार्गे जाणाऱ्यांनी दोन्ही टप्पे वेगवेगळे तपासावेत.

तांबडा_पांढरा
सगळ्यात जास्त लोक अडकतात ते तारखेत. '१४ तारीख, पहाटे २' म्हणजे १३ ला रात्री ११ ला विमानतळावर हजर. कोल्हापूर-मुंबई हवेतून तीनशे किमीच्या आसपास, रस्त्यानं पावणेचारशे. आठ तास गाडी, दोन तास खंबाटकी-पुण्याच्या कोंडीला आणि जेवणाला. म्हणजे १३ ला दुपारी १ ला घर सोडायचं. १३ च्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली तर ती सकाळी मुंबईत टेकते, तोवर विमान केव्हाच गेलेलं. रेल्वेच हवी तर १२ ची धरा, बगा!

रंकाळ्यावर_भेळ
विमानानं मुंबईला जाणार असाल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. वेगळी काढली तर मुंबईत बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात, शिवाय देशांतर्गत मर्यादा बहुधा १५ किलोची. अमेरिकेसाठी भरलेली २३ किलोची बॅग इथंच जादा ठरते आणि पैसे पडतात. मुंबईत टी-१ ला (टर्मिनल १) उतरलात तर टी-२ ला रस्त्यानंच जावं लागतं. दोन विमानांत सहा तास ठेवा. पहिलं रद्द झालं तर वेगळ्या तिकिटावर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

उजळाईवाडीकर
+१. आणि आईवडिलांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, दोन्ही टप्प्यांसाठी. ऐनवेळी काउंटरवर मागितली की ताटकळत बसावं लागतं.