मदत हवी आहे: अँटेना दीर्घिकांच्या शेपट्या उलट्या दिशेला का?

मंडळी, जरा अडलंय.

रविवारी सोसायटीतल्या पोरांना दीर्घिकांच्या (गॅलक्सींच्या) टकरीबद्दल सांगायचं कबूल करून बसलोय. हस्त नक्षत्राच्या भागातली अँटेना जोडी निवडली, खगोलसूचीतले क्रमांक एनजीसी ४०३८ आणि ४०३९. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १७८५ साली पाहिलेली. फोटोत दोन्ही गाभे एकमेकांत घुसलेत आणि झुरळाच्या मिशांसारख्या दोन लांब शेपट्या बाहेर आल्यात.

तारे ताऱ्यांवर आदळत नाहीत, एवढं मी समजावू शकतो. सूर्य म्हणजे पुण्यात ठेवलेलं मोसंबं धरलं, तर शेजारचा तारा गुवाहाटीला. वायूचे ढग मात्र आदळतात आणि नवे तारे धडाधड जन्मतात.

पण रंगीत तालमीत लेकीने विचारलं, "बाबा, समोरची दीर्घिका ओढतेय ना? मग तारे उलटीकडे कसे पळाले?" मी "गुरुत्वाकर्षण" म्हणून वेळ मारून नेली. तिने तोंड वाकडं केलं, बरोबरच केलं. टूमरे बंधू या शास्त्रज्ञ जोडीने १९७२ मध्ये संगणकावर निव्वळ गुरुत्वाकर्षणातून अशा शेपट्या काढून दाखवल्या होत्या, म्हणजे उत्तर आहे. सूत्रं नकोत, हाताने करून दाखवता येईल असं काही सुचवा. ताणलेल्या चादरीवर मोहरी पसरून दोन लिंबं सोडून पाहिली. शेपटी निघाली नाही, मोहरी अजून पायाखाली येतेय.

प्रतिसाद: भरती आठवा. चंद्र एकाच बाजूला, तरी पाणी दोन्ही अंगांना फुगतं. जवळच्या कडेला ओढ जास्त, गाभ्याला कमी, पलीकडच्या कडेला सगळ्यांत कमी. पलीकडचे तारे पळालेले नाहीत हो, मागे राहिलेत. तीन पोरं एका रांगेत उभी करा. पुढच्याने तीन पावलं टाकायची, मधल्याने दोन, मागच्याने एक. मधल्याला विचारा, त्याला दोघंही लांब गेलेले दिसतील.

तुमची मोहरी फिरत नव्हती, तिथेच फसलं. दीर्घिकेची तबकडी फिरते. दोघी एकमेकींना ज्या दिशेने वळसा घालतात त्याच दिशेने ती फिरत असेल, तर ओढ जास्त वेळ लागू पडते आणि शेपटी लांबते. उलट फिरणारीला फारशी शेपटी फुटत नाही.

धागाकर्ता: "मागे राहिलेत" लेकीला पटलं! आता पोरांना गोल फिरवत पावलं टाकायला लावायचं म्हणजे जागा लागणार. संध्याकाळी पार्किंग मोजून येतो.